जिवाणूला खातेवाटप कळत नाही : राज्य सरकारला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव,
सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व औषध प्रशासन, पशुसंवर्धन, कृषी आणि पर्यावरण विभाग,
मंत्रालय, मुंबई.

विषय : प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंबाबत राज्य नेमके काय करणार आहे, हे जनतेला सांगण्याबाबत.

महोदय, महोदया,

एका पत्राच्या डोक्यावर सहा खात्यांची नावे पाहून ते कोणत्या टेबलावर आवक करून घ्यायचे, असा प्रश्न आपल्या कार्यालयांत पडणार, याची मला कल्पना आहे. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारणही तेच आहे. जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांतून, गोठ्यांतून आणि सांडपाण्यातून एकाच वेळी नमुने घेऊन त्यांतले जिवाणू ताडून पाहण्याचा एक साधा प्रस्ताव आम्ही मांडला होता. एका कार्यालयाने सांगितले, जनावरे आमच्याकडे येत नाहीत. दुसऱ्याने सांगितले, माणसे आमच्याकडे येत नाहीत. सांडपाणी कोणाचेच नव्हते. नकारही कोणी दिला नाही. ‘विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही’ असा शेरा घेऊन कागद परत आले. आमच्या एका प्रस्तावाचे काय झाले हा फार मोठा प्रश्न नाही. पण राज्याला या विषयाकडे पाहायला डोळेच नाहीत हे त्यातून दिसले, आणि ते पाहून गप्प बसणे मला जमले नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. पुण्यात संसर्गजन्य रोगांवर काम करते. माझे काम सांगायला सोपे आहे. रुग्णाच्या लघवीतून, रक्तातून, जखमेच्या पुवातून आलेले जिवाणू प्लेटवर वाढवायचे, त्यांवर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती किती मिलिमीटरचे रिकामे वर्तुळ पडले ते मोजायचे. वर्तुळ मोठे असेल तर औषध लागू पडेल. वर्तुळच नसेल, जिवाणू थेट चकतीला चिकटून वाढला असेल, तर त्या माणसाला ते औषध देऊन उपयोग नाही. पुढे जनुकांचा शोध, क्रमवाचन वगैरे येते, पण पाया एवढाच. मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतला असिनेटोबॅक्टर हा जिवाणू घेतला, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अहवालांनुसार दहातले जवळपास नऊ मेरोपेनेमला दाद देत नाहीत. मेरोपेनेम हे आपल्याकडचे शेवटून दुसरे-तिसरे हत्यार.

माझे माहेर सांगोला तालुक्यातले, घरी डाळिंबाची बाग. त्याचा या विषयाशी काय संबंध, ते पुढे येईलच.

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा या विषयाचा जागतिक जनजागृती सप्ताह असतो. पोस्टर लागतात, रांगोळ्या निघतात, पथनाट्ये होतात, नर्सिंगच्या मुलींना उन्हात उभे करून शपथ दिली जाते. सगळ्याचे सार एकच : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके घेऊ नका, कोर्स अर्धवट सोडू नका. सल्ला चुकीचा नाही. पण त्यात दोषी कोण ठरते? तापाने फणफणलेला मजूर, जो मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेऊन कामावर गेला. आजारी पडला तर रोज बुडतो, म्हणून गेला. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे भारतात सुमारे २ लाख ९७ हजार मृत्यू थेट झाले आणि १० लाखांहून अधिक मृत्यूंशी त्यांचा संबंध होता, असा जागतिक पातळीवरच्या अभ्यासाचा अंदाज आहे. एवढ्या मृत्यूंची जबाबदारी त्या मजुराच्या खिशातल्या दोन गोळ्यांवर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. माझ्या तक्रारी त्याच्याविरुद्ध नाहीत, आपल्याविरुद्ध आहेत.

पहिली तक्रार तपासणीची. ‘कल्चर’, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, या एका शब्दावर सगळे अडते. रुग्णाला नेमका कोणता जिवाणू झाला आहे आणि त्याला कोणते औषध चालेल, हे कळल्याशिवाय दिलेले प्रतिजैविक म्हणजे अंदाज. अनुभवी डॉक्टरचा अंदाज चांगला असतो, पण तो अंदाजच. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली, ती २०२४ च्या जानेवारीत बाहेर आली. दाखल रुग्णांपैकी ७१.९ टक्के लोकांना प्रतिजैविके चालू होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक औषधयोजना आजार बरा करण्यासाठी नव्हत्या, पुढे संसर्ग होऊ नये म्हणून होत्या. आणि जी औषधे खरोखर उपचार म्हणून दिली होती, त्यांतली जेमतेम ६ टक्के जिवाणू निश्चित ओळखून दिलेली होती. ही वैद्यकीय महाविद्यालयांच्या दर्जाची रुग्णालये. तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचा अख्खा विभाग असतो, प्राध्यापक असतात, यंत्रे असतात. मग तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात काय होत असेल?

काय होते ते मी सांगते. तिथल्या डॉक्टरला कल्चर मागवताच येत नाही, कारण बहुतेक ठिकाणी ती सोय नाही. खासगी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या गावी. तपासणीचे पैसे रुग्णाच्या खिशातून, आणि रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस. तोवर बाईचा ताप उतरत नाही, नातेवाईक दारात उभे असतात. डॉक्टर सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन लावतो. त्याच्या जागी मी असते तर मीही लावले असते. या डॉक्टरला ‘प्रतिजैविकांचा विवेकी वापर’ या विषयावर कार्यशाळेला बोलावणे ही थट्टा आहे. विवेक वापरायला आधी माहिती हातात यावी लागते.

हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, नाहीतर तो थंड ठेवला पाहिजे, एवढीच त्याची अट. लसीचा थंड डबा याच राज्याने मेळघाटात आणि भामरागडात नेऊन दाखवला आहे. थंड डबा जसा गावाकडे जातो तसा गावाकडून परतही येऊ शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एक चांगली प्रयोगशाळा, तिथे कायमस्वरूपी नेमलेला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, दोन-तीन तंत्रज्ञ आणि आठवडाभर पुरेल एवढ्या प्लेटा आणि चकत्या. कायमस्वरूपी हा शब्द मुद्दाम वापरला. अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा तंत्रज्ञ काम शिकतो आणि निघून जातो, आणि मग वर्तुळ मोजणारा नवा हात पुन्हा पहिल्यापासून शिकतो. यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापायला सगळे येतात. त्या यंत्राचे रसायन संपले की तीन महिने ते कापडाखाली झाकलेले असते, तेव्हा कोणी येत नाही.

दुसरी तक्रार लपवाछपवीची, आणि ही मला सगळ्यांत जास्त डाचते.

मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय फिजिशियनांच्या मासिकात एक छोटा निबंध छापला. काही महिन्यांत त्यांना कार्बापेनेम गटाला (मेरोपेनेम याच गटातले) दाद न देणारे २४ जिवाणू सापडले होते, त्यांतल्या २२ मध्ये ही औषधे निकामी करणारे एनडीएम-१ हे जनुक होते; त्यातले ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली. म्हणजे इशारा आपल्याच शहरातून, आपल्याच डॉक्टरांनी, आपल्याच मासिकात दिला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या मासिकात मोठा निबंध आला आणि मग दिल्लीत एकच गदारोळ झाला. जनुकाला दिल्लीचे नाव का दिले, भारताच्या वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध हा डाव आहे, अशी विधाने झाली. पुढच्या वर्षी दिल्लीतल्या पाण्याचे नमुने तपासले गेले. रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये ते जनुक सापडले. त्यावरही पहिली प्रतिक्रिया इन्काराचीच होती. २०१२ च्या जानेवारीत पुन्हा मुंबई, पुन्हा हिंदुजा. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवल्याचे समोर आले. सरकारचा बराच वेळ त्याला ‘पूर्णपणे औषधरोधक’ म्हणायचे की नाही या वादात गेला. त्याच वर्षी मे महिन्यात क्षयरुग्णाची नोंद कळवणे सर्वांना बंधनकारक झाले, हे मात्र चांगले झाले. बातमी बाहेर आली म्हणून झाले, हेही नोंदवून ठेवते.

त्या काळापासून रुग्णालये एक धडा शिकली आहेत : सापडले तरी बोलू नका. आम्ही एका रुग्णालयाला विनंती केली होती की रुग्णांची नावे, पत्ते काही नको. फक्त कोणत्या वॉर्डात कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो तेवढा तक्ता द्या. उत्तर आले, ‘आमचे नाव खराब होईल.’ वैयक्तिक पातळीवर ते डॉक्टर सज्जन होते, चहा पाजला, खंत व्यक्त केली. पण तक्ता दिला नाही. अशा तक्त्याला अँटिबायोग्राम म्हणतात आणि तो गुपित ठेवण्यासारखा कागद मुळीच नाही. जिल्ह्यातल्या डॉक्टरला लघवीच्या संसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन द्यावे की नायट्रोफ्युरॅन्टॉइन, हे त्यावरून कळते. केरळने राज्याचा अँटिबायोग्राम जाहीर करायला सुरुवात केली. त्यामुळे तिथले वैद्यकीय पर्यटन बुडाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांत हे आकडे रोज तयार होतात आणि रजिस्टरांत पडून राहतात. लोकांच्या पैशातून मोजलेली वर्तुळे लोकांना दिसत नाहीत.

तिसरी तक्रार औषधदुकानांच्या कायद्याची. ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्राने औषध नियमांत ‘एच-१’ ही नवी अनुसूची घातली, मार्च २०१४ पासून ती लागू झाली. ४६ औषधे, त्यांतली २४ प्रतिजैविके. यांची विक्री चिठ्ठीशिवाय करायची नाही, स्वतंत्र नोंदवहीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले ते लिहायचे, वही तीन वर्षे जपायची. कागदावर उत्तम. आपल्यापैकी कोणीही उद्या, सरकारी गाडी आणि अंगरक्षक मागे ठेवून, घराजवळच्या मेडिकलमध्ये जावे आणि सेफिक्झीमची पट्टी मागावी. सेफिक्झीम त्या यादीत आहे. पट्टी मिळते की नाही आणि वहीत काय लिहिले जाते, ते स्वतः पाहावे.

आणि त्या यादीतच एक भगदाड आहे. २०१९ च्या खासगी बाजारातल्या विक्रीचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक होते ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, दुसरे सेफिक्झीम २०० मिलिग्रॅम. ॲझिथ्रोमायसिन मूळ एच-१ यादीत नव्हतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ही दोन्ही ‘जपून वापरा’ गटातली औषधे. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरवले की वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांत किमान ७० टक्के पहिल्या, साध्या गटातली असावीत. आपण त्याच्या उलट्या टोकाला उभे आहोत. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली : खासगी बाजारात खपलेल्या प्रतिजैविकांपैकी, मात्रांच्या हिशेबाने, ४७.१ टक्के अशी होती, की ज्यांना केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता नव्हती. ती रुग्णाने बनवली नाहीत, मजुराने तर नाहीतच. त्यांना परवाने कोणी दिले?

निरीक्षक कमी आहेत, हे उत्तर मला माहीत आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये सांगून ठेवले होते की दर २०० विक्री दुकानांमागे एक औषध निरीक्षक हवा. या शिफारशीला वीस वर्षे उलटून गेली. समितीचे अध्यक्ष आपल्या मातीतले, त्यांचे सत्कार आपण वारंवार करतो. त्यांचा हिशेब मात्र अजून पुरा केला नाही.

इथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे, कारण उत्साहाच्या भरात सरकार नेमके उलटे करू शकते. सगळी प्रतिजैविके कुलपात घालणे हा उपाय नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना आजारी तान्ह्या बाळांना ओळखायला शिकवले आणि त्यांच्या हाती जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि कोट्रायमोक्झॅझोलचे औषध दिले. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तिथे ना तज्ज्ञ होता, ना अतिदक्षता विभाग. होती ती वेळेवर मिळालेली, स्वस्त, आणि मुख्य म्हणजे अजून चालणारी प्रतिजैविके. या देशात औषधाच्या अतिवापराने माणसे मरतात तशी औषध न मिळाल्यानेही मरतात. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या आठ देशांतल्या सुमारे १५ लाख रुग्णांचा हिशेब २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जेमतेम ६.९ टक्के रुग्णांना योग्य औषध मिळाले होते, आणि त्या आठांत भारत आहे. कोपऱ्यावर ॲझिथ्रोमायसिन शेंगदाण्यासारखे विकले जाते, आणि ज्याला खरोखर महागड्या राखीव औषधाची गरज आहे त्याच्या घरचे दागिने गहाण पडतात. जुनी स्वस्त औषधे निकामी झाली की पहिला फटका गडचिरोलीतल्या बाळाला बसतो, दक्षिण मुंबईतल्या रुग्णाला नंतर.

चौथी तक्रार गोठ्याची, पोल्ट्रीची आणि बागेची. २०१५ मध्ये चीनमधल्या डुकरांत एमसीआर-१ हे जनुक सापडले. ते असलेल्या जिवाणूवर कोलिस्टिन चालत नाही, आणि कोलिस्टिन म्हणजे सगळे संपल्यावर अतिदक्षता विभागात काढतात ते औषध. तेच औषध आपल्याकडे कोंबडीच्या खाद्यात वजन वाढावे म्हणून घातले जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्राने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्यावर बंदी घातली. योग्य निर्णय. पण बंदीनंतर खाद्यात दुसरे काय जाऊ लागले, कोणत्या जिल्ह्यात किती प्रतिजैविके जनावरांसाठी विकली गेली, याचा आकडा राज्यात कोणी जाहीर करते का? गाईला दगडी (कासेचा दाह) झाली की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात, पुढचे काही दिवस ते दूध डेअरीला घालायचे नसते. शेतकऱ्याला हे सांगणारा माणूस कोण, आणि त्या दिवसांच्या दुधाचे पैसे त्याला कोण देणार? दोन्ही प्रश्नांना उत्तर नसेल तर दूध डेअरीतच जाणार.

आता सांगोला. डाळिंबावर तेल्या आला की काय होते ते कृषी खात्याला सांगायला नको. फळावर तेलकट डाग, मग भेगा, आणि लाखाची बाग मातीमोल. तेल्या हा जिवाणूने होणारा रोग, म्हणून त्यावर स्ट्रेप्टोसायक्लीनची फवारणी. ती ६ ग्रॅमची पुडी माझ्या लहानपणापासून घराच्या कोनाड्यात असायची. तिच्यात ९० भाग स्ट्रेप्टोमायसिन असते आणि १० भाग टेट्रासायक्लीन. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयावरचे पहिले औषध. आणि पुडी बनायची कुठे, तर पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने देशाला स्वतःचे पेनिसिलिन मिळावे म्हणून उभी राहिलेली ही सरकारी कंपनी. आज पिंपरीत ‘एच.ए.’ हे नाव कॉलनीला आणि शाळेला उरले आहे, कारखान्याची रया गेली आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने पिकांवर स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लीन वापरण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी घालण्याचा मसुदा काढला. वैज्ञानिक म्हणून माझा या बंदीला पाठिंबा आहे. माझा भाऊ मला विचारतो, ‘ताई, तू सांगतेस ते बरोबर असेल, पण मग मारू काय?’ मृग बहार धरला की पावसात तेल्या येतोच. त्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. बागेची स्वच्छता, रोगमुक्त रोपे, बहार बदलणे, ताम्रयुक्त फवारे हे मी सांगते. तो ऐकून घेतो आणि दुकानात जातो. कारण दुकानदार त्याला उधारीवर देतो, आणि कृषी सहायक बांधावर फिरकत नाही. बंदी दिल्लीतून येईल, नुकसान सांगोल्यात, आटपाडीत, मालेगावात होईल. मधली जागा भरणे हे राज्याचे काम होते.

पाण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण इथे सांगण्यासारखे काही घडलेलेच नाही. २००७ मध्ये हैदराबादजवळच्या पाटनचेरूला औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करून सोडणाऱ्या केंद्राच्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले होते. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढे नसते. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्यांतून त्या मर्यादा गायब होत्या. केंद्राने हात झटकले म्हणून राज्यानेही झटकावेत असे नाही. तारापूर, कुरकुंभ, महाड इथे औषधे आणि त्यांचा कच्चा माल बनतो. तिथले पाणी स्वच्छ असेलही, मी आरोप करत नाही. मोजा आणि सांगा, एवढेच म्हणते. आम्ही एका औद्योगिक वसाहतीबाहेरच्या नाल्याचे नमुने घेण्यासाठी रीतसर परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही. नाला सार्वजनिक आहे आणि पाणी उघड्यावर वाहते.

हे सगळे एकाच पत्रात का, असे विचाराल म्हणून सांगते. औषधाला न जुमानण्याची शक्ती देणारी जनुके पुष्कळदा जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसतात. प्लाझ्मिड नावाच्या छोट्या सुट्या वर्तुळावर असतात. गावातल्या लग्नात मोठी पातेली जशी या घरातून त्या घरात जातात, तशी ही वर्तुळे एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जातात. कोंबडीच्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू आपले वर्तुळ सांडपाण्यात क्लेब्सिएला या दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देतो, आणि तो उद्या एखाद्या नवजात बाळाच्या रक्तात सापडतो. त्याला पशुसंवर्धनाची फाइल संपून आरोग्याची कुठे सुरू होते, हे ठाऊक नसते.

या जिवाणूंविरुद्धचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ ते २०२१ साठी होता. राज्यांनी आपापले आराखडे करायचे होते. केरळने २०१८ मध्ये केला, मध्य प्रदेशाने २०१९ मध्ये, दिल्लीने २०२० मध्ये. त्या पहिल्या यादीत महाराष्ट्र नव्हता. हे ते राज्य, जिथे १८९९ पासून परळला हाफकिन संस्था आहे, पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे आणि देशाला स्वतःचे पेनिसिलिन देणारा सरकारी कारखाना पिंपरीत उभा राहिला. केरळने जानेवारी २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ नावाने दुकानांवर छापे घातले आणि पुढे प्रतिजैविके वेगळ्या निळ्या पाकिटात द्यायला लावली. विक्री २० ते ३० टक्क्यांनी घटली, असे तिथले सरकार सांगते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राचा दुसरा आराखडा आला, २०२९ पर्यंतचा. याही वेळी फक्त शपथच घ्यायची का?

माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी (कोणते औषध लागू पडेल याची तपासणी) मोफत व्हावी, आणि तालुक्यांतून तिथे रोज नमुने नेणारी गाडी असावी. मंजूर पदे कायमस्वरूपी भरावीत. सगळे जिल्हे एका वर्षात होणार नाहीत हे मला कळते; पहिले सहा निवडा, त्यांत एक विदर्भातला आदिवासी जिल्हा असू द्या, आणि नावे जाहीर करा.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचा अँटिबायोग्राम दरवर्षी संकेतस्थळावर टाकावा, मराठीत एका पानाच्या सारांशासह. खासगी रुग्णालयांना, नाव न छापण्याच्या हमीवर, तो देणे बंधनकारक करावे. खरे आकडे देणाऱ्या रुग्णालयाला नोटीस न जाता मदत जावी, हे लेखी द्या, नाहीतर आकडे येणारच नाहीत.

एच-१ च्या नोंदी तपासल्या का, किती दुकाने, किती कारवाया, हे दर तिमाहीला कळावे. ॲझिथ्रोमायसिन या यादीत आणण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. विनामान्यता मिश्रणांचे राज्याने दिलेले परवाने तपासावेत. छापे फक्त कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदारावर नकोत, घाऊक विक्रेत्याकडे आणि कारखान्याकडेही जा.

जनावरांसाठी विकल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा जिल्हावार आकडा जाहीर व्हावा. औषध चालू असताना बाजूला ठेवलेल्या दुधासाठी दूध संघांमार्फत भरपाईची योजना आखावी, निदान एका संघात करून पाहावी. तेल्यावर प्रतिजैविकाविना चालणारी, खर्चासकट मांडलेली फवारणी आणि मशागतीची पद्धत कृषी विद्यापीठांनी आणि सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राने मिळून येत्या मृग बहाराच्या आधी शेतकऱ्याच्या हाती द्यावी. तिचा प्रयोग करायला जमीन हवी असेल तर माझ्या भावाची दोन एकर बाग उपलब्ध आहे, त्याला विचारूनच लिहीत आहे.

औषधनिर्मितीच्या वसाहतींच्या आणि मोठ्या रुग्णालयांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे अवशेष मोजायला प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरुवात करावी. मर्यादा नंतर ठरवा, मोजणी आधी सुरू करा. संशोधकांना नाल्यातले पाणी भरून घ्यायला परवानगी लागू नये.

आणि सगळ्यांत शेवटची, पण ज्यावाचून वरची एकही पुरी होणार नाही अशी मागणी : सहाही खात्यांच्या वर, मुख्य सचिवांना थेट उत्तरदायी असा एक अधिकारी नेमा. त्याला स्वतंत्र लेखाशीर्ष द्या, त्याचे नाव आणि दूरध्वनी जाहीर करा. समिती नको. समित्या आहेत, त्यांच्या बैठका होतात, चहा-बिस्किटे होतात आणि इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम होते. एक माणूस हवा, ज्याला पुढच्या नोव्हेंबरमध्ये पत्रकार विचारू शकतील : सहापैकी किती जिल्ह्यांत कल्चर होते?

या पत्राला उत्तर कोणत्याही एका खात्याकडून आले तरी चालेल. ‘उचित कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे’ असे उत्तर असेल, तर कृपया कोणाकडे पाठवले ते पदनामासह लिहावे. त्या माणसाला मी स्वतः जाऊन भेटेन, प्लेटा दाखवायला घेऊन जाईन.

आपली विश्वासू,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पुणे

प्रत माहितीसाठी :
राज्यातील डॉक्टरांच्या, पशुवैद्यकांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या संघटना
डाळिंब उत्पादक आणि दूध उत्पादक संघ
विधिमंडळातील सर्वपक्षीय सदस्य